धोपावे ते तवसाळ: रोड सायकलवरून गुहागर

नकाशावर गुहागर तालुका पाहिला की किनाऱ्याने जाणारा सोपा, सरळ रस्ता असेल असं वाटतं. उत्तरेला वाशिष्ठीची दाभोळ खाडी, दक्षिणेला शास्त्रीची जयगड खाडी, पश्चिमेला समुद्र. तीन बाजूंनी पाणी आणि फक्त चिपळूणच्या अंगाने जमिनीला जोडलेला हा डोंगराळ तुकडा. धोपाव्याच्या जेटीपासून तवसाळच्या जेटीपर्यंत रस्त्याने सुमारे ६० ते ६५ किलोमीटर भरतात. देशावर शंभर किलोमीटर सहज मारणारा गडी हे अंतर पाहून अर्ध्या दिवसाचा बेत करतो आणि दुपारी एक वाजता वेळणेश्वराच्या चढावर सायकल ढकलत असतो.

कारण रस्ता समुद्राच्या कडेने जातच नाही. तो जातो सड्यावरून, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावरून. सडा समुद्रापासून साधारण १०० ते १५० मीटर उंच आहे आणि गावं मात्र खाली, खाडीच्या नाहीतर पुळणीच्या, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याच्या, तोंडाशी, माडापोफळीच्या आगरांत. त्यामुळे प्रत्येक गावाला खाली उतरायचं आणि गाव संपलं की तेवढंच वर चढायचं. धोपावे, गुहागर, पालशेत, वेळणेश्वर आणि हेदवी या प्रत्येक ठिकाणाहून निघताना एक मोठा चढ आहे, अधलेमधले पऱ्हे (छोटे ओढे) आणि वाड्या वेगळ्या. एकूण चढाई हजार मीटरच्या घरात जाते. एकेक चढ दीड-दोन किलोमीटरचाच, पण काही वळणांवर १० टक्क्यांच्याही वर. म्हणून इथे किलोमीटर मोजू नका, चढ मोजा. दिवसाला चार मोठे चढ धरून आखणी केली तर सहल सुखाची होते.

कधी आणि कुठल्या दिशेने

नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीअखेर हा काळ उत्तम. ऑक्टोबरात ऊन आणि दमट हवा दोन्ही एकदम अंगावर येतात. पावसाळ्यात रोड सायकल, म्हणजे बारीक टायरची आणि खाली वाकलेल्या हँडलची सायकल, घेऊन या रस्त्यांवर येऊ नये: झाडाखालच्या डांबरावर शेवाळ धरतं, उतारावर तांबडा चिखल वाहून येतो आणि हवा बिघडली की फेरीबोट बंद राहते.

दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडे ठेवा. शाळेच्या भूगोलातले खारे आणि मतलई वारे इथे पेडलवर कळतात. हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून हलका मतलई वारा असतो, त्याचा त्रास नाही. अकरा-बाराच्या सुमारास समुद्राकडून खारा वारा सुरू होतो आणि तो बहुतेक वायव्येकडून येतो. दक्षिणेला जाणाऱ्याला तो पाठीमागून तिरका मिळतो. उत्तरेला जाणाऱ्याच्या मात्र तोंडावर, आणि तोही उघड्या सड्यावर, जिथे आडोशाला झुडूपसुद्धा नाही. दक्षिणेला जाताना समुद्र उजव्या हाताला, म्हणजे रस्त्याच्या पलीकडे राहतो. खाली पुळण दिसली की नजर वळते आणि नकळत सायकलही वळते. थांबायचं असेल तर आधी डाव्या कडेला पूर्ण थांबा, मग रस्ता ओलांडा.

डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या आसपास उगवतो. साडेसहाला मागचा लाल आणि पुढचा पांढरा दिवा लावून निघालात, तर अकराच्या आत तीन चढ मागे पडतात. बारा ते साडेतीन सावलीत काढा.

सायकल: आधी गिअर, मग बाकीचं

सगळ्यात जास्त चूक गिअरमध्ये होते. पुढे ३४ दात्यांची छोटी चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चक्र) आणि मागे २८ दात्यांचं मोठं चक्र असेल, तर मिनिटाला ६० फेऱ्यांनी पेडल मारताना वेग ताशी सव्वानऊ किलोमीटरच्या आसपास येतो. स्वार, सायकल आणि सामान मिळून वजन ८५ किलो धरलं, तर १० टक्के चढावर निव्वळ वजन उचलायलाच सुमारे २१५ वॅट लागतात. मागे ३४ चं चक्र लावलं की त्याच फेऱ्यांना वेग पावणेआठवर येतो आणि गरज १८० वॅटवर. पहिला आकडा हौशी सायकलस्वार एका चढावर काढतो, पाचव्या चढावर नाही. म्हणून ३४ पुढे आणि ११-३४ कॅसेट (११ ते ३४ दात्यांच्या चक्रांचा संच) मागे, ही जोडी गुहागरसाठी योग्य.

पण नुसती कॅसेट बदलून चालत नाही. आखूड पिंजऱ्याचा मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) बऱ्याचदा २८ किंवा ३० दात्यांपुढे जात नाही. तो किती दात्यांपर्यंत चालतो ते आधी पाहा, लागल्यास लांब पिंजऱ्याचा बसवा. चेनही नव्याने मापा: डिरेलरमधून न नेता ती पुढच्या मोठ्या चेनरिंगवरून आणि मागच्या मोठ्या चक्रावरून गुंडाळा, टोकं जिथे भेटतात तिथून दोन कड्या जास्त ठेवा आणि मग तोडा. जुनी आखूड चेन तशीच ठेवली आणि घाईत ती पुढच्या आणि मागच्या दोन्ही मोठ्या चक्रांवर एकदम चढली, तर चेन ताणून डिरेलरचा हँगर (डिरेलर फ्रेमला धरणारी पट्टी) वाकतो किंवा तुटतो. तो हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो आणि इथे कुठेही मिळत नाही. सुटा हँगर सामानात हवाच.

टायर किमान २८ मिलिमीटरचे, फ्रेममध्ये जागा असेल तर ३२ चे. सत्तर किलोच्या स्वाराने २८ च्या टायरमध्ये मागे ७५ ते ८०, पुढे ७० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठेवावं. ३२ च्या टायरमध्ये मागे ६०-६२, पुढे ५५. यापेक्षा कमी हवा ठेवलीत तर खड्ड्याच्या धारेवर ट्यूब रिमला चेपून शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. जास्त ठेवलीत तर गावातल्या खडबडीत काँक्रीटवर सायकल उडते आणि उतारावर पकड सुटते.

सामान चार-पाच किलोच्या वर नको, आणि ते सीटमागच्या पिशवीत असू द्या. पाठीवरची सॅक दमट हवेत दोन तासांत पाठ भिजवते आणि चढावर खांदे धरतात.

पोचायचं कसं

कोकण रेल्वेने चिपळूण. कोकणकन्या आणि मांडवी दोन्ही तिथे थांबतात. सायकल गाडीच्या सामानडब्यातून पार्सल म्हणून पाठवता येते, पण मधल्या स्टेशनांवर थांबा थोडाच असतो, तेव्हा गाडी थांबण्याआधीच सामानडब्याच्या बाजूच्या दाराशी या आणि उतरून लगेच तिकडे चला. दुसरी पद्धत जास्त भरवशाची: दोन्ही चाकं काढून फ्रेम पिशवीत घालायची आणि पिशवी आपल्याजवळच ठेवायची. पिशवीत घालताना मागचा डिरेलर फ्रेमपासून सोडवून, फडक्यात गुंडाळून आत बांधा. डिस्क ब्रेक असतील तर पॅडच्या फटीत पुठ्ठ्याचा तुकडा खोचा, नाहीतर चाक नसताना लिव्हर दाबला गेला की पॅड चिकटून बसतात.

चिपळूण ते गुहागर सुमारे ४५ किलोमीटर: रामपूर, मार्गताम्हाने, शृंगारतळी, मोडकाआगर, गुहागर. रस्ता रुंद आहे, पण एसटी आणि ट्रक वेगात असतात. शृंगारतळी ही या भागातली मोठी बाजारपेठ. एटीएम, औषधं, केळी, सगळं इथेच घ्या, कारण पुढे दक्षिणेला एवढं काही मिळत नाही.

दापोलीकडून येणारे दाभोळ-धोपावे फेरीबोटीने येतात. खाडी ओलांडायला थोडा वेळ पुरतो, वाट पाहायला जास्त लागतो. पहिली आणि शेवटची बोट किती वाजता आहे ते आदल्या दिवशी विचारून ठेवा आणि सुटे पैसे जवळ असू द्या.

जेटीचा उतार

फेरीबोटीत चढण्या-उतरण्याची जागा या प्रवासातली सगळ्यात निसरडी. बोट आपली लोखंडी फळी काँक्रीटच्या उतारावर टेकवते. भरतीला फळी उतारावर बरीच वर, कोरड्या भागात बसते. ओहोटीला ती खाली सरकते आणि भरतीच्या पाण्यात बुडणारा, हिरव्या शेवाळाचा पट्टा उघडा पडतो. नेमकं त्यावरून चालायचं असतं, पायात तळाला लोखंडी क्लिट (पेडलला अडकणारी पट्टी) असलेले बूट घालून. फळी आणि काँक्रीटच्या मधल्या फटीत अरुंद टायर अडकतो तो वेगळाच. म्हणून बोट टेकायच्या आधी उतरून उभे राहा, गाड्यांना आधी जाऊ द्या, सायकल डाव्या हाताला ठेवून दोन्ही ब्रेक हातात धरा आणि फट आली की सायकल उचलून पलीकडे ठेवा. बूट साधे असतील तर उत्तम. शेवाळाच्या पट्ट्यावर सायकलवर बसू नका, पाच मीटरसुद्धा नाही.

भरती कधी हे किनाऱ्यावरची माणसं तिथीवरून काढतात: तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढेमागे. सहा तासांनी ओहोटी. ठिकाणागणिक अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, पण जेटीवर शेवाळ उघडं असेल की नाही, एवढं कळायला हा हिशेब पुरतो.

पहिला टप्पा: धोपावे ते गुहागर, सुमारे १७ किलोमीटर

जेटी सोडली की लगेच चढ. बोटीत बसून पाय गार पडलेले असतात, म्हणून पहिला अर्धा किलोमीटर सगळ्यात हलक्या गिअरवर, दम न लागता काढा. वर आल्यावर रस्ता सड्यावरून वीज प्रकल्पाच्या बाजूने जातो. अंजनवेलला वळायचं असेल तर ते इथूनच. गोपाळगड, दीपगृह आणि टाळकेश्वराचं देऊळ एकमेकांच्या जवळ आहेत आणि दीपगृहाच्या बाजूने खाडीचं तोंड उघडं दिसतं. मग गुहागरात उतार. व्याडेश्वराच्या देवळाजवळचा रस्ता अरुंद आणि सदा माणसांचा, तिथे पायी चालण्याच्या वेगाने जा. पुळणीवर रोड सायकल नेऊ नका. वाळूचा बारीक कण खाऱ्या पाण्यासकट चेनमध्ये आणि बेअरिंगमध्ये शिरतो आणि नंतर चेन बदलावी लागते.

दुसरा टप्पा: गुहागर ते हेदवी, सुमारे ३० किलोमीटर

हा या प्रवासाचा गाभा, आणि सगळ्यात जास्त दमवणारा. गुहागरहून चिपळूणच्या रस्त्याने मोडकाआगरपर्यंत जायचं, तिथून दक्षिणेला पालशेतचा रस्ता धरायचा. पालशेतला खाडीच्या पातळीला उतरून बाजारातून बाहेर पडलं की चढ. पुढे अडूरच्या बाजूने सड्यावर आल्यावर बराच वेळ सावली नाही. पालशेतला दोन्ही बाटल्या भरून घ्या, ही सूचना ऐच्छिक समजू नका. ज्यांना समुद्र जवळून पाहायचा आहे त्यांनी बुधलला उतरावं. खडकांतला छोटा उपसागर आणि टेकाडावरचं देऊळ सुंदर आहे, पण उतरलेली प्रत्येक फूट परत चढायची आहे हे धरून बेत करा.

वेळणेश्वराचा उतार नीट समजून घ्या. माथ्यावर इंजिनीअरिंग कॉलेज लागतं, तिथे थांबून ब्रेक एकदा दाबून पाहा. लिव्हर हँडलला टेकत असेल तर केबल ताणून घ्या. रस्ता एका गाडीच्या रुंदीचा, वळणं आंधळी. वळणाच्या बाहेरच्या अंगाला जांभ्याची तांबडी खडी गोळा झालेली असते: गाड्यांची चाकं ती आतून बाहेर फेकत राहतात. सावलीतल्या वळणावर ती ओल्या पानांखाली लपते. हात हँडलच्या खालच्या वाकात ठेवा, वजन मागे घ्या. वळणाच्या आधी, सायकल सरळ असतानाच, दोन्ही ब्रेक दाबून वेग हवा तेवढा आणा आणि वळणात ब्रेक सोडा. वळणात पुढचा ब्रेक धरला की खडीवर पुढचं चाक सरकतं, आणि हे इतकं पटकन होतं की सावरायला वेळ मिळत नाही. आपली बाजू सोडून आत कापू नका, समोरून एसटी आली तर ती पूर्ण रस्ता घेऊनच येते. तिच्या हॉर्नचा आवाज आला की कडेला पाय टेकून उभं राहणं हेच बरोबर. उताराच्या शेवटी, गावाच्या तोंडाशी गतिरोधक असतो आणि बऱ्याचदा त्यावर पट्टे नसतात.

वेळणेश्वरला देऊळ, पुळण आणि राहायला घरगुती सोय आहे. इथे मुक्काम केलात तर दुसऱ्या दिवशीचा चढ ताज्या पायांनी होतो, आणि हा चढ ताज्या पायांनीच करण्यासारखा आहे. उभं राहून पेडल मारलंत तर मागचं चाक बारीक खडीवर घसरतं. बसून, सीटच्या पुढच्या टोकाकडे सरकून, हलक्या गिअरवर वर या. गिअर चढाच्या आधीच बदला. पूर्ण जोर लावलेला असताना बदलायला गेलं की चेन उतरते किंवा कडी उघडते.

हेदवीला दशभुज गणेशाचं देऊळ टेकडीवर आहे. खाली समुद्राकाठी खडकात बामणघळ नावाची अरुंद भेग आहे. भरतीची लाट त्या भेगेत कोंडली की पाणी उंच उसळतं. वर सांगितलेला तिथीचा हिशेब लावून भरतीच्या आधी अर्धा तास पोचा, सायकल वरच ठेवा आणि घळीच्या ओल्या काठापासून लांब थांबा.

तिसरा टप्पा: हेदवी ते तवसाळ, सुमारे १५ किलोमीटर

नरवण, रोहिले, तवसाळ. दुकानं फारच थोडी, मोबाइलला खाली वाड्यांत रेंज येत नाही. रस्ता शांत आणि देखणा आहे. शेवटी जेटीकडे उतार. जयगडला जाणाऱ्या शेवटच्या फेरीबोटीच्या तासभर आधी तवसाळला पोचा, कारण बोट चुकली तर आबलोलीमार्गे परत वर चढून जाणं हाच मार्ग, आणि तो संध्याकाळी करण्यासारखा नाही.

ज्यांना खाडी ओलांडायची नाही त्यांच्यासाठी मात्र हाच आबलोलीचा रस्ता सकाळी चांगला वळसा देतो: गुहागर, हेदवी, तवसाळ, आबलोली, शृंगारतळी, गुहागर. नव्वद ते शंभर किलोमीटर, सरावलेल्या सायकलस्वाराचा एक पूर्ण दिवस. पहिल्यांदा येणाऱ्याने हेदवीवरून मागे फिरावं.

पलीकडे जयगड. बंदरामुळे जड ट्रक असतात, पहिले काही किलोमीटर कडेचा पट्टा सोडू नका. मालगुंडमार्गे गणपतीपुळे सुमारे २० किलोमीटर, आणि तिथून आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरी आणखी २५. आरे-वारेला रस्ता अखेर खरोखर समुद्राला चिकटून जातो. शनिवार-रविवारी कडेला गाड्या उभ्या असतात आणि त्यांची दारं अचानक उघडतात, म्हणून जमलं तर मधल्या वारी जा. रेवस-रेडी सागरी महामार्गाची आणि खाड्यांवरच्या पुलांची कामं निघाली आहेत. उकरलेला रस्ता रोड सायकलला चालत नाही, तेव्हा निघण्याआधी मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून विचारा.

पाणी, खाणं, पंक्चर

तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी, दर पाऊण तासाला काहीतरी खाणं. तहान लागल्यावर नव्हे, घड्याळाकडे पाहून प्या, कारण दमट हवेत घाम अंगावरच राहतो आणि किती गेला ते कळत नाही. एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत मीठ-साखर-लिंबू किंवा ओआरएस. एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटरमध्येच घाला, दाट करू नका. सकाळी घावन किंवा पोहे, मध्ये केळी आणि शेंगदाण्याची चिक्की, मुक्कामाला कोकम सरबत. मासळीचं भरपेट जेवण रात्रीसाठी ठेवा. दुपारी ते जेवून चढ चढवत नाही.

रोड सायकलच्या बारीक व्हॉल्व्हच्या ट्यूब या पट्ट्यात मिळतील या भरवशावर राहू नका. दोन ट्यूब, पॅच, टायर काढायचे दोन लिव्हर, पंप, चेन तोडायचं हत्यार, चेनच्या मापाची जोडकडी, ४-५-६ च्या अॅलन की, ब्रेक पॅडची एक जोडी, हँगर. शिवाय व्हॉल्व्हवर बसणारं पितळी अॅडॅप्टर घ्या, अगदी स्वस्त मिळतं. ते लावलं की मोटरसायकलच्या पंक्चरवाल्याकडची हवा भरता येते.

पंक्चर झाल्यावर नवी ट्यूब घालायची घाई नको. आधी जुन्या ट्यूबला हवा भरून भोक शोधा, व्हॉल्व्हपासून ते किती अंतरावर आहे ते टायरवर मोजा आणि त्या जागी आतून बोट फिरवा. कडेची झुडपं तोडली की करवंदीचे काटे रस्त्यावर येतात, ट्रकच्या फुटक्या टायरमधली तारही बारीक असते. ती आत राहिली तर दुसरी ट्यूब दहा मिनिटांत जाते. टायरला मोठी चीर असेल तर आतून जुन्या टायरचा तुकडा किंवा दुधाच्या पिशवीची चौपदरी घडी लावा आणि हवा थोडी कमी ठेवा.

मुक्कामावर, अंघोळीच्या आधी

खारी हवा रात्रभर स्पोकच्या टोकांना, स्क्रूंना आणि चेनला खात असते. एक बादली गोडं पाणी आणि फडकं पुरे. वरून पाणी ओता, नळीची जोरदार धार बेअरिंगवर मारू नका, ती आतलं ग्रीस काढते. रिम ब्रेक असतील तर रिम पुसा आणि पॅडमध्ये रुतलेले तांबडे खडे सेफ्टी पिनने काढा, नाहीतर सकाळी पहिल्याच उतारावर ते रिम खरवडतात. डिस्कला तेलाचा हात लावू नका. चेन कोरडी झाल्यावर पेडल उलटं फिरवत प्रत्येक कडीच्या रोलरवर एक थेंब तेल सोडा, दोन मिनिटं फिरवा आणि बाहेरून दिसणारं सगळं तेल पुसून टाका. बाहेर राहिलेलं तेल सड्यावरची धूळ धरून ठेवतं.